रिकेट्स ग्लेनमध्ये दोन रात्री: मित्रांसोबत पहिल्यांदा कॅम्पिंगला जाणाऱ्यांसाठी

शुक्रवारी ऑफिस सुटलं की न्यू जर्सीहून निघायचं, रात्री पेनसिल्व्हेनियातल्या रिकेट्स ग्लेन या पार्कात पोचून तंबू ठोकायचे, शनिवारी सकाळी धबधबे बघायचे आणि संध्याकाळी घरी परत. आमच्या पहिल्या कॅम्पिंगचा बेत असा होता. पोचायला साडेदहा वाजले, वरून भुरभुर पाऊस. नवा कोरा तंबू त्याच रात्री पहिल्यांदा पिशवीतून बाहेर निघाला आणि मेखांची पिशवी घरीच राहिल्याचं तेव्हा कळलं. दोघं गाडीत झोपले, बाकीचे ओल्या तंबूत. सकाळी पाय ओढत धबधब्यांपर्यंत गेलो, पण कुणालाच काही दिसत नव्हतं, डोळ्यांवर नुसती झोप होती.

पुढच्या वर्षी तीच माणसं, तेच पार्क, पण दोन रात्री आणि घरून केलेली तयारी. त्या वेळी शनिवारी दुपारी तळ्याकाठी चटईवर पडून आम्ही चार तास नुसत्या गप्पा मारल्या. कॉलेज संपल्यावर असा वेळ आम्हाला एकमेकांसोबत मिळालाच नव्हता. कॅम्पिंगमधला आराम आधीच्या दोन आठवड्यांत घरी बसून कमवावा लागतो, हे तेव्हा पटलं. तो कसा कमवायचा, ते पायरीपायरीने सांगतो.

आधी पार्क नीट ओळखा

स्टेट पार्क म्हणजे राज्य सरकारचं उद्यान. नॅशनल पार्कइतका गाजावाजा नसतो, पण घरापासून दोन-तीन तासांत गाठता येतं, स्वच्छतागृहं असतात, गरम पाण्याची अंघोळ मिळते आणि रेंजर, म्हणजे पार्कचे रखवालदार, असतात. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. पेनसिल्व्हेनियात सव्वाशेच्या आसपास स्टेट पार्क आहेत. १९५५ साली मॉरिस गोडार्ड या राज्याच्या वनखात्याचे प्रमुख झाले आणि प्रत्येक रहिवाशाला घरापासून २५ मैलांच्या आत एक पार्क मिळावं असा ध्यास त्यांनी घेतला. आज इतकी उद्यानं आहेत त्यामागे तो ध्यास आहे. या पार्कांना प्रवेश फी नाही, पार्किंगचे पैसे नाहीत. पैसे फक्त मुक्कामाचे.

मी सांगतोय ते रिकेट्स ग्लेन. ईशान्य पेनसिल्व्हेनियात, तेरा हजार एकरांहून मोठं. वर पठारावर २४५ एकरांचं लेक जीन तळं आहे आणि पठाराच्या कडेवरून किचन क्रीक नावाचा ओढा दोन घळींतून खाली उतरतो. वाटेत त्याचे नावं असलेले वीसहून जास्त धबधबे होतात. त्यातला सगळ्यात उंच गनोगा, ९४ फुटांचा.

ही जमीन रॉबर्ट ब्रूस रिकेट्स यांची होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात ते उत्तरेच्या बाजूने गेटिसबर्गला तोफखान्यात लढले होते. आसपासच्या जंगलांतली लाकूडतोड त्यांच्याच मालकीच्या जमिनीतून झाली, पण घळींमधली झाडं त्यांनी राखली. १८८९ ते १८९३ या काळात सहा माणसं लावून त्यांनी धबधब्यांच्या कडेने पायऱ्या-पायऱ्यांची वाट करून घेतली. आज आपण चालतो ती वाट मुळात तीच. धबधब्यांना त्यांनी मूळ अमेरिकी जमातींची नावं दिली, मोहॉक, ओनायडा, कयुगा, सेनेका, आणि काहींना आपल्या नातेवाइकांची. १९३० च्या दशकात इथे नॅशनल पार्क व्हायचं घाटत होतं. महायुद्धामुळे ते बारगळलं, मग राज्याने जमीन घेतली आणि १९४४ मध्ये पार्क खुलं झालं. त्या घळींत आजही तीनशे वर्षांहून जुनी हेमलॉकची झाडं उभी आहेत.

तारीख आणि बुकिंग

मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत हंगाम. नवख्यांनी मेअखेरचा मेमोरियल डे, चार जुलै आणि सप्टेंबरच्या सुरुवातीचा लेबर डे हे तीन लाँग वीकेंड सरळ सोडून द्यावेत. पार्क भरलेलं असतं, धबधब्यांच्या वाटेवर रांग लागते आणि शेजारच्या साइटवर, म्हणजे तंबू लावायच्या जागेवर, दहा जणांचा गलका चालू असतो.

माझी आवडती वेळ म्हणजे लेबर डेनंतरचे दोन-तीन आठवडे. शाळा सुरू झालेल्या असतात, डास ओसरलेले असतात, हवा कोरडी असते. फक्त रात्री गार पडतं. लेक जीन पठारावर उंचावर आहे. न्यू जर्सीत अंगावर चादर पुरते त्या रात्री इथे स्वेटर लागतो, आणि सप्टेंबरच्या अखेरीला पारा चाळीस फॅरेनहाइटच्या घरात उतरू शकतो. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मेपल पेटलेले असतात, पण ते रंग बघायला सगळेच येतात.

बुकिंग राज्याच्या संकेतस्थळावर होतं आणि अकरा महिने आधी उघडतं. शनिवार-रविवार हवा असेल तर आठवडाभर आधी जाग येऊन चालत नाही. ग्रुपमधल्या एकाने जबाबदारी घ्यावी, पैसे भरावेत आणि मग बाकीच्यांकडून गोळा करावेत. "सगळ्यांचं नक्की झालं की बुक करू" म्हणणाऱ्या ग्रुपला साइट मिळत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. पेनसिल्व्हेनियाबाहेरच्या लोकांना भाडं थोडं जास्त पडतं.

एका साइटवर एक कुटुंब किंवा कुटुंब नसेल तर जास्तीत जास्त पाच जण राहू शकतात. तुम्ही आठ मित्र असाल तर शेजारशेजारच्या दोन साइट घ्या. नकाशात साइट निवडताना तीन गोष्टी बघा. स्वच्छतागृहापासून चालत दोन मिनिटांवर असावी, पण अगदी समोर नको, कारण रात्रभर दिवा आणि दाराचा आवाज येतो. दुसरं, झाडांची सावली. तिसरं म्हणजे जमीन. साइटच्या फोटोत उतार दिसत असेल तर ती सोडा. कुत्रा नेणार असाल तर कुत्र्यांना परवानगी असलेलीच साइट घ्यावी लागते.

बुकिंग दोन रात्रींचं करा, शुक्रवार आणि शनिवार. एका रात्रीत तंबू लावणं आणि काढणं एवढंच होतं. शक्य असेल तर शुक्रवारी अर्धी रजा टाका, म्हणजे उजेड असताना पोचाल. या लेखातल्या बाकी सगळ्या सूचना विसरलात तरी चालेल, ही विसरू नका.

आणखी एक गोष्ट ग्रुपला आधीच सांगा: पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट पार्कांत दारूला बंदी आहे. कूलरमध्ये लपवून नेऊ, कोण बघतंय, असं म्हणणारा एखादा असतोच. रेंजर फिरतात. आणि खरं सांगायचं तर आल्याचा चहा आणि शेकोटी असली की कुणाला आठवणही होत नाही.

सामान: काय विकत घ्यायचं आणि काय नाही

पहिल्या खेपेला सगळं विकत घेऊ नका. तंबू आणि स्लीपिंग बॅग मित्रांकडून मागून आणा, नाहीतर भाड्याने घ्या. स्वतःच्या अंगाला लागतील अशा दोन वस्तूंवर मात्र पैसे खर्च करा: अंगाखालचा पॅड आणि हेडलॅम्प, म्हणजे डोक्याला बांधायचा दिवा.

पॅडचं कारण नीट समजून घ्या. रात्री थंडी वरून लागते असं आपल्याला वाटतं, म्हणून आपण रजया भरून नेतो. खरी थंडी जमिनीतून येते. झोपल्यावर अंगाच्या वजनाने स्लीपिंग बॅगची खालची बाजू चेपते, तिच्यात हवा राहत नाही, आणि हवा नाही तर ऊबही नाही. म्हणून खाली वेगळं काहीतरी लागतं. साधी फुगवायची गादी मऊ असते, पण तिच्या पोटातली हवा जमिनीबरोबर गार होते आणि पाठ रात्रभर थंड राहते. कॅम्पिंगच्या पॅडवर आर-व्हॅल्यू नावाचा आकडा असतो. तो जितका जास्त तितकी ऊब जास्त. उन्हाळ्याला दोनच्या आसपास पुरतो, सप्टेंबर-ऑक्टोबरला तीन-चार बघा. फुगवायची गादीच नेणार असाल तर तिच्यावर एक जाड घोंगडी अंथरा. गावाकडची घोंगडी घरात पडून असेल तर ती याच कामाची आहे.

स्लीपिंग बॅगवर तापमानाचा आकडा असतो. त्या तापमानाला सुखाची झोप लागते असा त्याचा अर्थ घेऊ नका, तेवढ्या थंडीत रात्र कशीबशी निभते एवढाच घ्या. चाळीस फॅरेनहाइटची रात्र अपेक्षित असेल तर तीसची बॅग घ्या. झोपताना दिवसभराचे कपडे बदला. घामाने किंचित दमट झालेला टीशर्ट मध्यरात्री बर्फासारखा लागतो. कोरडे मोजे आणि कानटोपी फक्त झोपण्यासाठी वेगळी ठेवा.

तंबू घेताना चार माणसांचा म्हटलेला तंबू चार जणांना पुरतो असं धरू नका. त्यात चार जण पापडासारखे शेजारी-शेजारी मावतात, सामान बाहेर. चारचा तंबू दोघांना किंवा फार तर तिघांना धरा. तंबूखाली अंथरायला ताडपत्री न्या, वर बांधायला दुसरी मोठी ताडपत्री आणि भरपूर सुतळी न्या. वरची ताडपत्री पिकनिक टेबलावर ताणून बांधली की पाऊस आला तरी स्वयंपाक आणि पत्ते दोन्ही चालू राहतात.

निघायच्या आधीच्या शनिवारी तंबू घरामागच्या हिरवळीवर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा पूर्ण लावून बघा. पोल मोजा, मेखा मोजा, चेन ओढून बघा. अर्धा तास जातो. आमची पहिली रात्र या अर्ध्या तासापायी वाया गेली होती.

बाकीचं सामान भराभर सांगतो. दोन बर्नरचा प्रोपेन स्टोव्ह आणि एक जास्तीचा सिलिंडर, लायटर आणि काड्यापेटी दोन्ही, जाड बुडाची कढई, तवा, चहाचं पातेलं, गाळणी (ही हमखास विसरते), सुरी, भांडी घासायला छोटा टब, कचऱ्याच्या पिशव्या, हातोडी, प्रथमोपचाराची पेटी, चटया आणि घडीच्या खुर्च्या. पायात मळके झालेले चालतील असे बूट आणि साइटवर वावरायला चपला. जीन्स नेऊ नका, भिजली की दोन दिवस वाळत नाही.

खाणं: घरी अर्धं शिजवून न्या

आपल्या लोकांच्या कॅम्पिंगमध्ये एक ठरलेली गडबड होते. बेत मोठा असतो, आणि दोन-तीन जण, बहुतेक वेळा ग्रुपमधल्या बायका, पूर्ण दोन दिवस स्टोव्हपाशी उभ्या असतात. त्यांच्यासाठी घरचंच स्वयंपाकघर बाहेर गेलेलं असतं. मला हे मनापासून खटकतं. म्हणून आमच्यात नियम आहे: चार जेवणं, चार जोड्या. ज्या जोडीचं जेवण तीच घरून तयारी करते, तीच शिजवते. भांडी दुसरी जोडी घासते. हे निघायच्या आधी लिहून ठरवायचं.

शुक्रवारच्या रात्री काही शिजवायचंच नाही. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची सुकी भाजी. पोचल्यावर तंबू लावून दमलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं काही नाही. शनिवारी सकाळी कांदेपोहे: कांदा, मिरची, कोथिंबीर घरीच चिरून डब्यात, फोडणीचं सामान एका छोट्या डबीत. शनिवारी दुपारी सँडविच किंवा ठेपले, कारण तेव्हा तुम्ही वाटेवर असाल. रात्री मिसळ. मटकीची उसळ घरी शिजवून घट्ट झाकणाच्या डब्यात, कट वेगळ्या बाटलीत गोठवून. हा गोठलेला कट कूलरमध्ये बर्फाचं काम करतो आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत आपोआप सुटतो. रविवारी सकाळी उरलेलं संपवायचं.

शेकोटीवर काय करायचं? वांगी. ज्योत ओसरून लाल निखारे झाले की वांग्याला तेलाचा हात लावून, दोन-तीन ठिकाणी टोचून, निखाऱ्यांच्या कडेला ठेवा आणि चिमट्याने फिरवत राहा. साल काळी होऊन सुरकुतते, देठाजवळ दाबलं की आत मऊ लागतं, आणि टोचलेल्या भोकातून रस फसफसत बाहेर येतो. तेव्हा काढा. साल सोलून, कच्चा कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि वर कच्चं तेल. ते भरीत खाताना आमच्यातला एक जण गप्पच झाला होता, त्याला जळगावची आजी आठवली होती. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वाटेत शेतांच्या कडेला ताजी कणसं विकायला असतात, ती जरूर घ्या.

जायचा रस्ता

न्यू जर्सीतल्या एडिसनहून २८७ नंबरच्या हायवेने वर, मग ८० नंबरचा हायवे पश्चिमेला. डेलावेअर वॉटर गॅपला नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया. ब्लूम्सबर्गच्या जवळ ८० सोडून ४८७ नंबरचा रस्ता उत्तरेला धरायचा, बेंटन गावातून रेड रॉकपर्यंत. सगळे मिळून अडीच ते तीन तास. पेट्रोल, बर्फ, दूध बेंटनपर्यंत घेऊन टाका. रेड रॉकहून लेक जीनकडे जाणारा ४८७ चा तुकडा फार चढाचा आहे. भरलेली गाडी असेल तर खालच्या गिअरमध्ये सावकाश चढवा, उतरतानाही तसंच. ट्रेलर घेऊन हा चढ चढू नका.

पार्कात मोबाइलला रेंज जेमतेम असते, बऱ्याच ठिकाणी नसतेच. नकाशा आणि बुकिंगचा कागद आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, घरच्यांना "दोन दिवस फोन लागणार नाही" असं कळवून ठेवा. भारतातल्या आईवडिलांना तर नक्कीच.

पोचल्यावरचा पहिला तास

सगळे एकदम गाडीतून सामान काढायला लागतात आणि कुणाचं काय कुठे ते कळत नाही. आधी पाच मिनिटं साइटवर रिकाम्या हाताने फिरा. वर बघा: डोक्यावर वाळलेली, अर्धी मोडलेली फांदी लटकत असेल तर तिच्याखाली तंबू नको. खाली बघा: खोलगट जागा दिसली की ती पावसाचं डबकं आहे असं समजा. मग जिथे तंबू लावायचा तिथे प्रत्यक्ष आडवे होऊन बघा. डोळ्यांना न दिसणारा उतार पाठीला कळतो. थोडा उतार असलाच तर डोकं चढाकडे ठेवा.

तंबूखालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा बाहेर येऊ देऊ नका. ही चूक फार जण करतात. बाहेर आलेल्या कडेवर पावसाचं पाणी पडतं आणि ते थेट तुमच्या अंगाखाली वाहत जातं. कडा आत दुमडा. मेख जमिनीत ठोकताना तिचं डोकं तंबूपासून बाहेरच्या दिशेला झुकलेलं ठेवा, म्हणजे दोरीच्या ओढीने ती उपटत नाही. वरचं पावसाचं कापड स्वच्छ आकाश असलं तरी लावाच. पहाटेचं दव पावसाइतकंच भिजवतं. आणि त्या कापडाच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, नाहीतर तुमच्याच श्वासाची वाफ आतून थेंब होऊन टपकते.

स्टोव्ह, शेगडी किंवा निखारे तंबूच्या आत कधीही नेऊ नका, कितीही थंडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

शेकोटी

लाकूड घरून नेऊ नका. न्यू जर्सीतल्या सरपणातून झाडं मारणारे किडे एका जंगलातून दुसऱ्यात जातात. एमरल्ड ॲश बोरर नावाच्या भुंग्याने असंच फिरत कोट्यवधी ॲश झाडं संपवली आहेत. पार्कजवळच विकत घ्या.

प्रत्येक साइटवर लोखंडी फायर रिंग असते, जाळ फक्त तिच्यात. जमिनीवर कागदाचा बोळा, त्यावर काडीएवढ्या ढलप्या, मग बोटाएवढ्या, मग मनगटाएवढी लाकडं. मोठं लाकूड घाईने टाकलं की धूर होतो आणि जाळ गुदमरतो. आपण चूल पेटवताना करायचो तेच. रॉकेलसारखं काही ओतायचं नाही. झोपण्यापूर्वी पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता. राखेजवळ हाताचा मागचा भाग नेला आणि ऊब लागली तर अजून विझलेली नाही.

अस्वल आणि गोचीड

नवख्यांना भीती अस्वलाची वाटते. इथे काळी अस्वलं आहेत हे खरं, पण त्यांना तुमच्यापेक्षा तुमच्या चिवड्यात रस असतो. खाणं, कचरा, टूथपेस्ट, वास येणारी क्रीम, सगळं रात्री गाडीत, काचा बंद. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. कूलर टेबलावर ठेवून झोपलात तर रॅकून तो उघडतात, त्यांचे पंजे हातासारखे चालतात. खरकटं नळापाशी धुवू नका, कचराकुंडीत टाका.

मी खरी काळजी घ्यायला सांगेन ती गोचिडीची. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाच्या बाबतीत पेनसिल्व्हेनिया अमेरिकेत अगदी पुढे आहे. खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड गवतातून पायावर चढते आणि चावल्याचं कळतही नाही. फिकट रंगाच्या लांब पँट, पायमोज्यात खोचलेल्या. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी मारून वाळवा, कातडीवर किडे दूर ठेवणारा डीट किंवा पिकारिडिनचा फवारा. वाटेच्या मधोमध चाला. संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, जांघेत, कानामागे, केसांत हात फिरवून बघा, मुलांना तर नक्की तपासा. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. तेल, तूप, पेटती काडी असले उपाय नकोत. गोचीड साधारणपणे एक दिवसाहून जास्त चिकटून राहिली तरच लाइमचे जंतू अंगात जातात, म्हणून रोज तपासणं इतकं मोलाचं आहे. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा लाल चट्टा उठला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

आणि तीन-तीन पानांच्या झुबक्यात उगवणारी, अंगाला खाज आणणारी पॉयझन आयव्ही ही वेल हाताने उपटू नका, शेकोटीत तर मुळीच टाकू नका. तिचा धूरही त्रास देतो.

शनिवार

शनिवारी एकच मोठी गोष्ट करायची, धबधबे. पूर्ण वाट ७.२ मैलांची आहे. नवख्या ग्रुपने वरचा ३.२ मैलांचा फेरा करावा. गनोगा ग्लेन या घळीने खाली उतरायचं, वॉटर्स मीटला दोन ओढे एकत्र येतात तिथे टेकायचं, ग्लेन ली या दुसऱ्या घळीने वर यायचं. बहुतेक धबधबे यातच येतात. एक लक्षात ठेवा: आधी उतार आहे, चढ परतीला आहे, म्हणजे दम संपत आल्यावर. सह्याद्रीत आपण आधी चढतो आणि मग उतरतो, त्यामुळे इथे अंदाज चुकतो.

सकाळी आठपर्यंत वाटेला लागा. दहा वाजल्यानंतर पार्किंग भरतं आणि घळीतली शांतता जाते. दगडी पायऱ्या सतत तुषारांनी ओल्या असतात, शेवाळलेल्या असतात. सपाट तळव्याचे स्नीकर्स इथे घसरतात, चांगल्या पकडीचे बूटच घाला. फोटोसाठी धबधब्याच्या माथ्यावर जाऊ नका. इथे माणसं पडली आहेत. मधोमध थांबून सगळ्यांनी पाच मिनिटं बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. वरून कोसळणारं पाणी, समोरच्या कपारीतला धबधबा, लांबून तिसरा, तिन्हींचे आवाज वेगळे ऐकू येतात. गप्पांत ते कधीच लक्षात आले नसते.

दुपारी परत आल्यावर काही ठरवू नका. लेक जीनला वाळूचा किनारा आहे, उन्हाळ्यात पोहता येतं, पण जीवरक्षक नसतात. हंगामात होड्या आणि कयाक भाड्याने मिळतात. कुणाला तळ्यावर जायचंय त्याने जावं, कुणाला झोपायचंय त्याने झोपावं. "चला चला, आता काय करायचं" म्हणणाऱ्या मित्राला प्रेमाने चहा करायला बसवा.

रात्री नऊच्या सुमाराला पार्कात शांततेची वेळ सुरू होते. ब्लूटूथ स्पीकर तेव्हा बंद व्हायलाच हवा, आणि मी तर म्हणेन तो घरीच ठेवा. भेंड्या हळू आवाजातही खेळता येतात. शेकोटी विझवल्यावर हेडलॅम्प बंद करून दहा मिनिटं अंधारात उभे राहा, डोळे सरावू द्या. अमावास्येच्या आसपासची तारीख घेतली असेल आणि आकाश मोकळं असेल तर आकाशगंगेचा पट्टा दिसतो. आमच्यातल्या दोघांनी तो चाळिशीत पहिल्यांदा पाहिला.

निघताना

रविवारी आधी चहा, मग आवराआवर. तंबूवर ऊन येईपर्यंत थांबा, कापड उलटं करून तळही वाळू द्या. मेखा उपटताना मोजा. साइटवर शेवटची एक फेरी मारून बाटलीचं झाकण, सुतळीचा तुकडा, शेंगांची टरफलं, जे दिसेल ते उचला.

घरी आल्यावर तंबू तसाच कपाटात ठेवला तर आठवडाभरात बुरशीचा वास धरतो आणि तो पुन्हा जात नाही. म्हणून सोमवारी संध्याकाळी गॅरेजमध्ये नाहीतर बाल्कनीत दोरी बांधून तो एक रात्र पसरून ठेवा. स्लीपिंग बॅग घट्ट गुंडाळून ठेवू नका, मोठ्या सुती पिशवीत सैल भरा, म्हणजे आतलं भरण चेपत नाही. आणि मेखांची पिशवी तंबूच्या पिशवीच्या आतच बांधून टाका.